वर्गणीवरचे निर्वासित

संपादक साहेब,
पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी युनोने १९४९ला यूएनआरडब्ल्यूए नावाची मदतसंस्था काढली, तीही तात्पुरती, आणि पंचाहत्तर वर्षं उलटली तरी मुदतवाढच चालूये कारण मूळ प्रश्नाला हात घालायचा कुणालाच नाहीये. नोंदलेले निर्वासित जवळपास ५९ लाख, त्यांच्या शाळा, दवाखाने सगळं देशांच्या ऐच्छिक पैशावर, म्हणजे आपल्या गणपती मंडळासारखं, वर्गणीदार रुसला की मांडव रिकामा! २०१८ला ट्रम्पनी पैसे थांबवले, जानेवारी २०२४ला संस्थेच्या काही कर्मचाऱ्यांवर हमासच्या इस्रायलवरच्या ऑक्टोबर २०२३च्या हल्ल्यात सामील असल्याचे आरोप झाले तर डझनभराहून जास्त देशांनी हात आखडते घेतले. आरोपांची चौकशी कराच हो, पण शाळेतल्या पोरांना शिक्षा कशापायी? नंतर बरेच देश परत आले, अमेरिका नाही.
- एक वाचक, सातारा