हद्द, एल्लै आणि बाबांचा शेवगा

पुणे, सहकारनगर
रविवार दुपार

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू इतका तापला होतास की मला तोंड उघडू दिलं नाहीस, म्हणून हे पत्र. मागच्या अंगणाच्या हद्दीवरून शेजाऱ्यांना पाठवायला तू वकिलाकडून करून घेतलेला नोटिशीचा मसुदा बाबांच्या मोबाईलवर पोचला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "इंग्रजी झकास आहे. पण शेजारच्या आजोबांना हे वाचून कोण दाखवणार?" अरे, इथेच तर घोडं पेंड खात होतं. तुला सगळं तुकड्यातुकड्यांत कळलंय, म्हणून पहिल्यापासून सांगते.

मधली भिंत २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री गेली, आंबील ओढ्याला लोंढा आला तेव्हा. अरण्येश्वरला त्या रात्री माणसं गेली, तिथे आपण भिंतीचं काय घेऊन बसायचं! शेजारचे काका होते तोवर दोघांनी मिळून पत्रे ठोकले आणि चाललं. काका गेले, मुलांनी बंगला विकला आणि गेल्या दिवाळीनंतर ही तमिळ मंडळी राहायला आली. मुलगा-सून हिंजवडीला नोकरीला, सकाळी आठला जातात ते दिवे लागल्यावरच येतात. दिवसभर घरात आजी-आजोबा. त्यांना मराठी अजिबात नाही, हिंदी 'पानी' आणि 'कितना' एवढ्यापुरतं.

एका सकाळी मागच्या अंगणात बघते तर पत्र्यांच्या आत, आपल्या बाजूला, फक्कीची पांढरी रेघ! बाबांच्या शेवग्याला अंगणाबाहेर काढून आखलेली. बाबा बनियनवरच गेले. आजोबा काठीने रेघ दाखवून म्हणत होते, "एल्लै, एल्लै." बाबांना कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्यामुळे तमिळचा एकच शब्द येतो, 'इल्लै' म्हणजे नाही. घरात येऊन मला म्हणाले, "भिंत पत्र्यांच्या जागीच होती असं मी चार वेळा सांगितलं. चारही वेळा तो माणूस नाही म्हणाला." त्या रात्री तुला फोन झाला आणि तू 'अतिक्रमण' हा शब्द काढलास. तो शब्द एकदा घरात शिरला की चहाबरोबर रोज येतो.

त्यांच्या मुलाला मध्ये घालून बघितलं. त्याला इंग्रजी, हिंदी सगळं येतं, पण तो सारखा घड्याळाकडे बघत होता. बाबा पाच वाक्यं बोलले की तो वडिलांना एक सांगायचा, आणि त्यांनी पाच मिनिटं सांगितलेलं आम्हाला "ही इज सेइंग नो" एवढंच. खरं सांगू का, दोघांना एकमेकांचं काहीच कळत नव्हतं तेव्हा निदान आवाज तरी खाली होते. मग मी मोबाईलवरचं भाषांतर करून बघितलं. फोनमध्ये म्हटलं, "आमची हद्द कुठे आहे ते दाखवा." त्याने काय ऐकलं, काय बोललं देव जाणे, आजी कानाला हात लावून आत गेल्या. आपल्यात हद्द असते आणि हद्द होतेही, त्या यंत्राला कुठली सापडली कोण जाणे.

कट्ट्यावरच्या मंडळींचा सल्ला तयारच होता, महाराष्ट्रात राहायचं तर मराठी आलीच पाहिजे. मलाही ते पटतं. पण बहात्तराव्या वर्षी, भिंत पडलेली असताना, माणूस आधी भाषा शिकेल की आधी भिंत बांधेल? आणि सरकारी कागद मराठीत येतो हे बरोबरच आहे, १९६४ चा तसा कायदाच आहे. मग तो कागद शेजाऱ्याला कळेल इतपत तरी आपण बघायला नको का? हे मला सुचलं मात्र नंतर. आधी आम्ही घोळच घातला.

बाबांनी सिटी सर्व्हेच्या कचेरीत हद्द कायम मोजणीचा अर्ज केला. मोजणीची नोटीस लगतच्या धारकांना जाते, तशी शेजारी गेली. ती गेल्यापासून त्यांच्या घरात सामसूम. आजींचा दारातला कोलम, म्हणजे त्यांची रांगोळी, दोन दिवस दिसला नाही, तेव्हा माझ्या पोटात कालवलं. मी बँकेतल्या माझ्या मैत्रिणीला बोलावलं. ती रास्ता पेठेत वाढलेली, घरात तमिळ, दाराबाहेर पडली की आपल्यापेक्षा खणखणीत मराठी. दुपारी आम्ही तिघं त्यांच्याकडे गेलो. बाबांनी फाईल घेतली, मी उपम्याचा डबा घेतला. (तमिळ घरी उपमा नेणारी मीच. मैत्रीण आठवडाभर हसत होती.)

टेबलावर ती नोटीस घडी घालून, वर वजन ठेवून ठेवली होती. आजोबांना वाटत होतं की हा कोर्टाचा समन्स आहे. आणि त्यांना तसं का वाटू नये? नोटिशीवर नाव काकांच्या मोठ्या मुलाचं होतं, कारण खरेदी झाली तरी प्रॉपर्टी कार्डावर फेरफार, म्हणजे नव्या मालकाच्या नावाची नोंद, राहिलेला होता. आपण पैसे मोजले आणि घर अजून दुसऱ्याच्याच नावावर, या धसक्याने ते दोन रात्री झोपले नव्हते. त्यात आकडे देवनागरी. ४०४.७ चौरस मीटर त्यांनी 'आठ शून्य आठ' वाचलं होतं, आणि मोजणीची तारीख १४ ही अठ्ठ्याण्णव! आपला ४ तिकडून आठासारखा दिसतो आणि आपला १ नवासारखा, हे इतक्या वर्षांत माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. बँकेत आयुष्य गेलं माझं, आकडे लिहिण्यात.

मैत्रिणीने प्रॉपर्टी कार्ड पुढे सरकवलं आणि म्हणाली, हा तुमचा पट्टा. बस, तेवढ्या एका शब्दाने आजोबांचे खांदे खाली आले. गावाकडे त्यांची शेती आहे. खरेदीखत झालं तरी पट्टा आपल्या नावावर करून घ्यावा लागतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. इथे त्या पट्ट्याला काय म्हणतात आणि तो कुठे मिळतो, एवढंच ठाऊक नव्हतं. बाबा म्हणाले, "तहसीलदाराकडे नाही, सिटी सर्व्हेला." आजोबांनी मधला शब्द उचलला, "तासिल्दार?" मग सुरूच झालं. वारस म्हटलं की ते वारिसु म्हणणार, नक्कल म्हटलं की नगल, वकील तर वक्कीलच. पाणी, झाड, भिंत यांतलं एकमेकांचं काही कळेना, पण कचेरीचे शब्द मात्र झाडून सगळे ओळखीचे! जमाबंदीसुद्धा.

मग मोजमाप. बाबा म्हणाले, तुमचा प्लॉट चार गुंठे. आजोबांना गुंठा माहीत नाही, ते सेंटमध्ये मोजतात. मैत्रीण म्हणाली, एकराचे शंभर सेंट. बाबा म्हणाले, एकराचे चाळीस गुंठे. नोटिशीच्या मागे दोघांनी आपापला भागाकार केला. चाळीस गुंठे म्हणजे शंभर सेंट, म्हणजे एक गुंठा बरोबर अडीच सेंट. वर काही नाही, खाली काही नाही. चार गुंठे म्हणजे दहा सेंट. आजोबांनी '१०' लिहून त्याभोवती गोल केला आणि पहिल्यांदा हसले. मी तुला दहावीला शिकवणीला बसवलं होतं ना, तेव्हा तुझा असा एकही भागाकार नि:शेष गेला नव्हता.

आणि त्या गोलाकडे बोट ठेवून ते परत म्हणाले, "एल्लै." बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, की बघ, परत नाही म्हणतोय. मैत्रिणीने कपाळावर हात मारला. एल्लै म्हणजे हद्द रे! इल्लै वेगळं, एल्लै वेगळं. त्या सकाळी ते काठीने दाखवून सांगत होते, ही हद्द, ही हद्द. आणि आपण तुझ्यापर्यंत फोन करून कळवलं की ते नाही म्हणतात.

मोजणीला भूकरमापक मशीन घेऊन आला, दोन्ही घरची माणसं हजर. पुढे रस्त्याकडे पत्रे अगदी बरोबर जागी निघाले. मागे जाता जाता मात्र रेषा सरकत सरकत दहा इंचांनी चुकली होती, आणि ती आपल्या बाजूला नाही, त्यांच्या. साठ फुटांत दहा इंच, त्रिकोण धरला तर पंचवीस चौरस फूट. पत्रे पडलेल्या भिंतीच्या पायावरच ठोकलेले, आणि ती भिंत बाबांनीच बांधून घेतली होती, ऊन डोक्यावर घेऊन, दोरी स्वतः धरून. तू तेव्हा झालाही नव्हतास. फक्कीची रेघ आजोबांनी खरेदीखतावरचं माप धरून आखली होती आणि ती बोटभरही चुकली नव्हती. बाबा आत येऊन पंखा लावून बसले. जेवले नाहीत.

तू बारा वर्षांचा कायदा सांगत होतास ना, १९६३ चा मुदतीचा, बारा वर्षं जागा दुसऱ्याच्या कब्जात राहिली की मूळ मालकाचा हक्क जातो तो? तुझ्या मामेमामाने तोच उलटा करून दाखवला. म्हणाला, भिंत तीस वर्षांच्या वरची आहे, दावा लावायचाच तर तुम्हीच लावा, जागा आमच्या कब्जात आहे म्हणून. हे ऐकून बाबा रात्रभर कूस बदलत होते, ते मी बघितलंय. सकाळी म्हणाले, "नको. गुडघ्यांमुळे मला देवळाची पायरी चढवत नाही, कोर्टाची कुठून चढू?" कारण तेवढंच नव्हतं, पण ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग कागद केला. पाचशेच्या स्टॅम्पवर डावीकडे मराठी, उजवीकडे तमिळ, मापं मीटर आणि फूट दोन्हींत, आकडे त्यांना वाचता येतील असे. मोजणीच्या नकाशाच्या 'क' प्रतीत दाखवलेली रेषा भिंतीच्या बरोबर मधोमध राहणार, खर्च निम्मा निम्मा. तमिळ मजकुराखाली 'वाचून दाखवलं, समजलं' असं आजोबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि मैत्रिणीने भाषांतरकार म्हणून सही केली. कुणाची जागा कुणाला देत नव्हतो, म्हणून दुय्यम निबंधकाकडे नोंदणीला गेलो नाही. गेलो असतो आणि कागद नुसता तमिळमध्ये असता, तर १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १९ प्रमाणे सोबत खरं भाषांतर जोडावंच लागलं असतं, असं मामा म्हणाला. त्यांच्या फेरफाराचा अर्ज बाबांनी बरोबर जाऊन भरून दिला. तिथल्या रांगेत दोघं दीड तास एकमेकांशी काय बोलले असतील ते मला फार ऐकायचं होतं.

राहिला शेवगा. तो सरळ रेषेतच येत होता, तोडावा लागला. आजींनी तोडताना हात जोडले. शेवग्याची फांदी लावली तरी रुजते, म्हणून मनगटाएवढ्या जाड दोन फांद्या काढल्या, एक आपल्या कोपऱ्यात लावली, एक त्यांच्या. आपलीला अजून फूट नाही. त्यांचीला कालच दोन हिरवे ठिपके आलेत, आणि बाबा ते पत्र्याच्या फटीतून दिवसातून चार वेळा बघतात.

गवंडी सोमवारी येतोय. तू आता एक कर, वकिलाला फोन करून मसुदा थांबवायला सांग आणि त्याची जी फी झाली असेल ती देऊन टाक.

तुझी
आई

ता.क. बाबांची शंभर फुटी टेप सापडत नाहीये. तू तर नेली नाहीस ना? ते आजोबांकडची मागायला तयार नाहीत.