दात येतायत म्हणून जुलाब होत नसतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा संपला की पेपरातल्या पोटाच्या आजारांच्या बातम्या पण संपतात, पण भांडुपला पाळणाघर चालवते म्हणून सांगते, तान्ह्या पोरांच्या उलट्या-जुलाबांचा जोर थंडीतही असतो, तेव्हा रोटाव्हायरस हा जुलाबांचा विषाणू जास्त पसरतो. घरचे मात्र म्हणतात दात येतायत, नाहीतर दूध बाधलं. आणि तसंच मूल सकाळी आणून सोडतात, मग दोन-तीन दिवसांत बाजूचं मूलही उलट्या करायला लागतं.

बहुतेक वेळा आधी उलट्या आणि थोडा ताप, मग पाण्यासारखी शी. रक्त नसतं. शीत रक्त दिसलं तर मामला वेगळा, थेट डॉक्टर गाठा. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही तरी लोक केमिस्टकडून मागच्या वेळचीच बाटली आणतात, कुणी मोठ्यांची जुलाब बंद करायची गोळी अर्धी करून देतात, हे फार धोक्याचं आहे हो!

शी किती वेळा झाली हे सगळे मोजतात, शू कोणी बघत नाही. सहा-आठ तास डायपर कोरडा, रडतंय पण डोळ्यांत पाणी नाही, तोंड सुकलेलं, डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली जाते, पोर मलूल पडलंय, यातलं काही दिसलं तर अंगातलं पाणी कमी झालंय, रात्र काढायची नाही, लगेच हॉस्पिटल.

तोवर ओआरएस, म्हणजे पाण्यात कालवायची मीठ-साखरेची पावडर. मोठं पाकीट असेल तर पूर्ण 1 लिटर पाण्यात, अंदाजाने ग्लासात अर्धं-पाव नाही. चमच्या-चमच्याने द्यायचं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. झिंक डॉक्टर देतात ते जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण करायचं. आणि टेट्रापॅकमधलं गोड सरबत म्हणजे ओआरएस नाही, त्यातल्या साखरेने जुलाब वाढू शकतात. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने ऑक्टोबर 2025 मध्ये अशा पेयांवर ओआरएस लिहायला बंदी घातली, पण लोकांच्या तोंडात तेच बसलंय.

रोटाव्हायरसची लस 2019 पासून आपल्याकडे सरकारी लसीकरणात फुकट आहे, 6, 10 आणि 14 आठवड्यांना, तरी पहिला डोस झाला की पुढचे राहून जातात.

माझी मागणी एवढीच आहे की अंगातलं पाणी कमी झाल्याची ही लक्षणं मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरात प्रत्येक केमिस्टच्या काउंटरवर लावायला महापालिकेने सांगावं, कारण पोर आजारी पडलं की लोक आधी तिथेच जातात.

एक पाळणाघर-चालक, भांडुप, मुंबई