सुट्या पानाबद्दल

प्रिय मंद्या,

जुन्या पुस्तकातल्या पानाचा तू पाठवलेला फोटो मिळाला. सुटं पान वहिनींना फ्रेम करून द्यायचंय ना, मग घे की! चित्र झकासच आहे. फक्त दुकानदार 'अस्सल व्हिक्टोरियन एनग्रेव्हिंग' म्हणून जो भाव लावतोय, तो देऊ नकोस. काळ व्हिक्टोरियन खरा, पण ते एनग्रेव्हिंग, म्हणजे हाताने कोरलेल्या पत्र्यावरून किंवा ठशावरून छापलेलं चित्र, नाहीच.

चित्र ह्यू थॉमसनचं. १८९४ साली लंडनचा प्रकाशक जॉर्ज ॲलन याने जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची सोनेरी मोराच्या मुखपृष्ठाची आवृत्ती काढली, तिच्यातलं. एका कादंबरीत १६० चित्रं! थॉमसन पेनाने रेखाटायचा, मग त्या चित्राचा फोटो धातूच्या पत्र्यावर उतरवून ॲसिडने लाइन ब्लॉक, म्हणजे उंच रेघांचे छपाईचे ठसे, करायचे. आपल्याकडे ब्लॉकमेकर झिंकचे ब्लॉक करून द्यायचा, तीच जात. कोरणारा कारागीर मध्ये आलाच नाही.

खरं कोरीवकाम पाहायचं तर बेंटली या प्रकाशकाची १८३३ची आवृत्ती बघ. १८१३मध्ये कादंबरी आली तेव्हा तिच्यात चित्र नव्हतं आणि लेखिकेचं नावही नव्हतं. बेंटलीने हक्क विकत घेऊन सहा शिलिंगांत एका खंडात ती आणली, आणि त्यात दोन चित्रं घातली. फर्डिनांड पिकरिंगने काढलेली, विल्यम ग्रेटबॅचने पोलादी पत्र्यावर कोरलेली. दोनच का? पोलादी पत्र्यात शाई कोरलेल्या रेघांच्या खाचेत बसते, खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांत, ती उंचवट्यावर लागते. त्यामुळे अशी चित्रं वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या कागदावर छापून पुस्तकात बांधावी लागायची. लाकडी ठसा मात्र खिळ्यांच्या उंचीचा असायचा, मजकुरासोबत एकाच फर्म्यात, म्हणजे छपाईच्या चौकटीत, बसायचा. पोलादाचा फायदा एवढाच, की तांबं लवकर झिजतं आणि पोलादावरून हजारो प्रती निघतात.

एका चित्रात नायक डार्सीची मावशी लेडी कॅथरीन नायिका एलिझाबेथला जाब विचारतेय. दुसऱ्यात एलिझाबेथ वडिलांना सांगतेय, की डार्सीने तिच्या धाकट्या बहिणीसाठी, लिडियासाठी, काय केलं. दोन चित्रं, आणि डार्सी एकातही नाही! आजचा प्रकाशक असं करू धजेल का? शिवाय बायकांच्या बाह्या फुगून टम्म, म्हणजे थेट १८३३ची फॅशन. लोक हसतात त्याला. मला मात्र त्या बाह्या पटतात. त्या वाचकांना ही गोष्ट 'जुन्या काळची' वाटतच नव्हती. जुना काळ म्हणून तिला नटवलं ते थॉमसनच्या पिढीने: टोप, झालरी, घोडागाड्या. हात त्याचा विलक्षण हलका, विनोदही जाणतो. पण ऑस्टिनबाईंच्या जिभेचा तिखटपणा त्याच्या रेघेत साखरेत घोळून येतो, हे माझं मत. वहिनींना सांगू नकोस, भांडतील.

भिंग असेल तर पान तपास. पोलादी छाप्यात छटा केसासारख्या बारीक, दाट रेघांनी साधलेली असते, आणि बोट फिरवलं तर शाई किंचित वर आलेली लागते. तुझ्या पानावर रेघ सपाट, सलग काळी दिसेल. मागच्या बाजूला मजकूर असेल तर घाबरू नकोस, ही चित्रं मजकुरासोबतच छापलेली होती. उलट त्यावरून कळेल, की पुस्तक फाडूनच हे पान काढलंय. हा धंदा मला अजिबात आवडत नाही, पण फाटलं ते फाटलं.

फ्रेमवाल्याला ॲसिडमुक्त माउंट लावायला सांग आणि फ्रेम उन्हाच्या भिंतीवर टांगू नकोस. भाव किती खाली आला ते कळव.

तुझा,
सुहास