जाण्याचा आणि परतण्याचा हक्क

महोदय,

देशाबाहेर जाऊ पाहणाऱ्या नागरिकाला सरकारने अडवणे ही केवळ प्रशासकीय बाब नव्हे. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातील तेराव्या कलमात कोणताही देश, स्वतःचासुद्धा, सोडण्याचा आणि आपल्या देशात परतण्याचा हक्क एकाच वाक्यात मांडला आहे, आणि ही जोडणी मला फार महत्त्वाची वाटते. कारण परतण्याची खात्री नसेल तर जाण्याची मुभा हद्दपारीहून फारशी वेगळी राहत नाही. पूर्व जर्मनीने १९६१ मध्ये बर्लिनमध्ये भिंत उभारली ती मुख्यतः आपल्याच नागरिकांना रोखण्यासाठी. क्युबात बाहेर जाण्याच्या परवान्याची अट तर जानेवारी २०१३ पर्यंत होती.

निर्बंध कधीच नसावेत, असे माझे म्हणणे नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारानेही राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक आरोग्य अशा कारणांसाठी ते मान्य केले आहेत, मात्र ते कायद्याने घातलेले आणि आवश्यक असले पाहिजेत. म्हणून ज्याला रोखायचे त्याला कारण लेखी कळवावे, बंदीची मुदत ठरवावी आणि तिच्याविरुद्ध न्यायालयात तातडीने दाद मागता यावी. विमानतळावर पोहोचल्यावरच आपले नाव यादीत असल्याचे एखाद्याला कळणे हा उघड अन्याय आहे.

– एक वाचक