सिस्टर, ते इंजेक्शन तुम्ही बाजूला ठेवलंत म्हणून

सिस्टर, तुमचं नाव लिहीत नाही कारण तुम्हाला विचारलेलं नाही, पण हे वाचलंत तर लगेच ओळखाल.

आईच्या हाडातल्या इन्फेक्शनसाठी अमिकासिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू होती. कानात सारखा कीं आवाज येतो, बाथरूमला जाताना तोल जातो, भिंत धरावी लागते, हे आम्ही राउंडला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो आणि उत्तर ठरलेलं, वय झालंय, अशक्तपणा आहे, पडून पडून होतं असं. एकाने तर आईसमोरच सांगितलं की म्हाताऱ्या माणसांना लक्ष वेधून घ्यायची सवय असते. तो राग अजून गेलेला नाही. अहो अमिकासिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही सगळी एकाच घरातली भावंडं, यांच्यावर असताना कान, तोल आणि किडनी सांभाळायची हे काय आजचं ज्ञान आहे का? स्ट्रेप्टोमायसिनची टीबीवरची जी गाजलेली ट्रायल 1948 साली छापून आली त्यातसुद्धा चक्कर येते हे लिहिलेलं आहे.

तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदाच आमच्या वॉर्डात आलात, सर्दी होती म्हणून मास्क लावलेला. "काकू, झोप लागली का?" आई नुसती हसली. तुम्ही दुसरं काहीतरी विचारलंत, आई तशीच हसली. मग तुम्ही तिच्या पाठीमागे जाऊन हळू आवाजात हाक मारलीत आणि तिने मानसुद्धा वळवली नाही. भरलेली सिरिंज तुम्ही ट्रेमध्ये ठेवून दिलीत.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते त्याच्या पुढचं. आजवर सगळे आम्हाला विचारायचे, "यांना काय होतंय?" तुम्ही खिशातला कागद काढलात, मोठ्या अक्षरात लिहिलंत, "काकू, ऐकू कमी येतंय का? कधीपासून?" आणि पेन आईच्या हातात दिलंत. तिने लिहिलं आणि लिहितालिहिता रडायला लागली. तिला स्वतःला सगळं कळत होतं हो, फक्त तिला विचारणारं कोणी नव्हतं. पेन द्यायला किती वेळ लागला तुम्हाला? घाईतसुद्धा माणसाला माणूस म्हणून वागवता येतं, ज्यांना वागवायचं असतं ते वागवतात.

या औषधाने बहुतेक वेळा आधी बारीक, उंच आवाज जातात, पक्ष्यांचे, फोनच्या रिंगचे, त्यामुळे समोर बसून बोलताना बरेच दिवस कोणाच्या लक्षात येत नाही, हे तुम्हीच समजावलंत. आईच्या माहेरी कोणाला इंजेक्शनांनंतर बहिरेपण आलं होतं का हेही विचारलंत, कारण काहींच्यात तो धोका आईकडून मुलांकडे येतो. इतक्या दिवसात हा प्रश्न दुसऱ्या कोणाला का सुचला नाही?

पुढे डॉक्टरांनी तुमचं ऐकलं, त्यांचेही आभार. रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून किडनीचं काम कळतं, ते वाढलेलं निघालं, म्हणजे किडनी औषध नीट बाहेर टाकत नव्हती आणि डोस मात्र तोच चालू होता. औषध बदललं, ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी झाली. जे उंच आवाज गेले ते परत येणार नाहीत, कानाच्या आतल्या त्या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत, हे आईला स्पष्ट सांगितलंय आणि तिने ते घेतलंय. औषध कानात बरेच दिवस राहतं, बंद केल्यावरही नुकसान वाढू शकतं, म्हणून नंतर पुन्हा टेस्ट केली. बोलण्याचे आवाज वाचलेत सिस्टर. शांत खोलीत, समोर बसून बोललं तर आईला सगळं कळतं. अजून काही इंजेक्शनं गेली असती तर काय राहिलं असतं हा विचार मी करत नाही, करवत नाही.

तोल अजून पूर्ण आलेला नाही, अंधारात चालताना जास्त जातो, त्याचे व्यायाम चालू आहेत. आईला तुम्हाला भेटायचंय. तुमची ड्युटी कधी असते कळवा, घेऊन येतो. आणि प्लीज मास्क काढून बोला, तिला तुमचा चेहरा बघायचाय.