घोड्याचा दमा आणि रक्ताचा थेंब

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत घोड्यांच्या दम्यावर लेख आला, त्याला आठवडा झाला. तेवढ्यात मला चार घोडेमालकांचे फोन आले आणि चौघांनी एकच विचारले, "डॉक्टर, म्हणजे आता ती नळी घालायला नको ना?" शीर्षकाने त्यांना तसेच सांगितले होते. रक्ताचा थेंब घ्या, त्यातले बायोमार्कर, म्हणजे आजाराची खूण सांगणारी रसायने मोजा, दमा आहे की नाही ते कळेल. लेखाच्या अगदी तळाशी 'संशोधन अजून सुरू आहे' असे एक वाक्य होते, पण चौघांपैकी तिथवर कोणी पोचले नव्हते. घोड्यांवर उपचार करण्यात माझी तीसेक वर्षे गेली. शीर्षक आणि ते तळाचे वाक्य यांच्यामध्ये केवढे अंतर आहे, ते सांगावे म्हणून हे पत्र.

आधी त्या नळीबद्दल, कारण सगळी भीती तिची आहे. घोड्याला गुंगीचे इंजेक्शन देतात आणि जवळजवळ 3 मीटर लांबीची मऊ नळी नाकपुडीतून श्वासनलिकेत सरकवतात. घोडा खोकतो, मान झटकतो, मोतद्दार त्याच्या कपाळावर हात ठेवून काहीबाही पुटपुटत राहतो. नळी पुढे जाईनाशी झाली की ती श्वासनलिकेच्या एखाद्या बारीक फाट्यात अडकून बसली असे समजायचे, टोकाचा फुगा फुगवायचा, 250 ते 500 मिलिलिटर सलाइन आत सोडायचे आणि लगेच परत ओढायचे. सिरिंजमध्ये येणाऱ्या पाण्यावर साबणासारखा फेस दिसला की मला हायसे वाटते. तो फेस सर्फॅक्टंटचा, म्हणजे वायुकोशांच्या आतल्या साबणासारख्या थराचा असतो, म्हणजे पाणी वायुकोशांपर्यंत जाऊन आले. मग सूक्ष्मदर्शकाखाली कोणत्या पेशी किती टक्के ते मोजायचे. नेहमीच्या झटपट रंगात मास्ट पेशी (ॲलर्जीशी संबंधित पेशी) हमखास दगा देतात, कारण त्यांच्यातले कण नीट रंगत नाहीत. त्यांच्यासाठी टोल्युइडिन ब्लू वेगळा लावावा लागतो. नळीचे काम दहा-पंधरा मिनिटांत उरकते, पण ऐकायला भयंकर वाटते हे मान्य.

आता फुप्फुसांची ही धुलाई कोणासाठी करायची? ज्याचे पोट उभ्या जागी लोहाराच्या भात्यासारखे हलते आहे, त्या घोड्यासाठी सहसा नाही. निरोगी घोडा विश्रांतीत मिनिटाला 8 ते 16 वेळा श्वास घेतो. तीव्र दम्यात हा आकडा चढतो, नाकपुड्या फाकतात आणि उच्छ्वास बाहेर ढकलताना पोटाचे स्नायू इतके राबतात की बरगड्यांच्या खालच्या कडेने एक रेघ उमटते. हा आजार ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने, जो स्वतः दमेकरी होता, सतराव्या शतकाच्या अखेरीस धाप लागणाऱ्या घोडीच्या फुप्फुसांबद्दल लिहून ठेवले आहे. ब्रिटनमधल्या 2007 सालच्या एका पाहणीत सुमारे 14 टक्के घोड्यांना हा तीव्र प्रकार असल्याचे दिसले, म्हणजे दुर्मीळ तर तो मुळीच नाही.

खरी अडचण सौम्य आणि मध्यम दम्याची आहे. माझ्याकडे एक सहा वर्षांची घोडी आली होती. खोकला नाही, नाकातून स्राव नाही, चारा व्यवस्थित. तक्रार एवढीच, की शेवटच्या दोनशे मीटरला दम तुटतो. नाकपुड्यांवर प्लास्टिकची पिशवी धरून तिला खोल श्वास घ्यायला लावला, तरी स्टेथोस्कोपमध्ये काही ऐकू आले नाही. मालकाच्या आग्रहावरून रक्त तपासले. सीरम अमायलॉइड ए हे दाहाचे प्रथिन जवळपास शून्य. धुलाई केली तेव्हा न्यूट्रोफिल (दाहात जमणाऱ्या पांढऱ्या पेशी) 8 टक्के आणि मास्ट पेशी 6 टक्के निघाल्या. मास्ट पेशी 5 टक्क्यांहून जास्त असल्या की दम्याकडे बोट जाते, म्हणून तिचे उत्तर त्या 6 टक्क्यांत होते. आपल्या लेखात ज्या मार्करांची नावे आहेत, त्यांतल्या एकानेही मला त्या मास्ट पेशी दाखवल्या नसत्या. आणि दम्याचा प्रकार कोणता, यावर औषधाचा विचार थोडा बदलतो. मास्ट पेशींच्या प्रकारात सोडियम क्रोमोग्लायकेट वापरून पाहतात.

लेखातल्या मार्करांकडे वळते. सीरम अमायलॉइड ए हे यकृतात बनणारे प्रथिन. जिवाणू-विषाणूंचा संसर्ग झाला की ते एका दिवसात प्रचंड वाढते, दम्यात मात्र सहसा फारसे हलत नाही. म्हणजे त्याचा उपयोग आहे, पण उलटा: खोकणाऱ्या घोड्यात ते खूप वाढलेले दिसले तर आधी संसर्ग शोधावा. हॅप्टोग्लोबिन दम्यात वाढलेले आढळले आहे. पण ते जखमेतही वाढते, शस्त्रक्रियेनंतरही वाढते, शरीरात कुठेही दाह असला तरी वाढते. पायाला खिळा लागलेल्या घोड्याला दमेकरी ठरवायचे का? तिसरे सर्फॅक्टंट प्रोटीन डी. हे त्यातल्या त्यात फुप्फुसाच्या घरचे, वायुकोशांचे अस्तर दाहाने सैल झाले की रक्तात झिरपते. माझी सर्वांत जास्त आशा याच्यावर आहे. तरीही फुप्फुसाच्या संसर्गात तेही वाढते, आणि दमेकरी व निरोगी घोड्यांचे आकडे एकमेकांत बरेच मिसळलेले असतात. लहान श्वासनलिकांतल्या क्लब पेशींचे प्रथिन दम्यात उलट कमी झालेले दिसते, पण निरोगी घोड्यांतच त्याची पातळी इतकी कमी-जास्त असते की एका घोड्याच्या एका आकड्यावरून काही बोलणे कठीण. मायक्रोआरएनएचे, म्हणजे जनुकांचे काम आवरणाऱ्या बारीक रेणूंचे नाव आजकाल फार ऐकू येते. तो विषय अजून प्रयोगशाळेच्या दाराबाहेर पडलेला नाही.

उच्छ्वासातली वाफ थंड नळीत निववून तिचे पाणी करायचे आणि त्याचा सामू आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मोजण्याची कल्पना मला फार आवडली होती. घोड्याला काही टोचायचेच नाही! पण तबेल्यातली हवा, तापमान आणि आर्द्रता यांनीही ते आकडे हलतात. सकाळी झाडलेल्या तबेल्यात एक उत्तर आणि दुपारी दुसरे, असे झाले तर मालकाला काय सांगणार?

समजा यातली एखादी चाचणी खरोखर चांगली निघाली. दमेकरी घोड्यांपैकी 80 टक्के तिने पकडले आणि निरोगी घोड्यांपैकी 80 टक्क्यांना निरोगी म्हटले. हे आकडे मी निव्वळ हिशेबासाठी घेते आहे. वरचे 14 टक्के धरा आणि शंभर घोडे तपासा. 14 दमेकऱ्यांपैकी 11 सापडतील. 86 निरोग्यांपैकी 17 जणांनाही चाचणी दमा असल्याचे सांगेल. म्हणजे ज्या 28 घोड्यांचा अहवाल 'दमा' म्हणून हातात पडेल, त्यांतल्या 17 घोड्यांना दमा नसेलच. या 17 जणांना स्टिरॉइड सुरू होतील, स्पर्धेतले असतील तर औषध अंगातून उतरेपर्यंत थांबावे लागेल, आणि दम तुटण्याचे खरे कारण, मग ते हृदय असो की घसा, तसेच राहून जाईल. बहुतेक अभ्यासांत एका बाजूला धापा टाकणारे घोडे घेतात आणि दुसऱ्या बाजूला ठणठणीत. त्या दोन टोकांत फरक दाखवणे सोपे असते. माझ्यासारखीकडे येतो तो मधला घोडा, आणि त्याच्यासाठी अजून कोणी फारसे मोजलेले नाही.

शिवाय ज्या मोजपट्टीने हे मार्कर पारखायचे, तीही जरा लवचिक आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरनरी इंटर्नल मेडिसिनच्या 2016 सालच्या निवेदनानुसार सौम्य-मध्यम दम्यासाठी धुलाईत न्यूट्रोफिल 10 टक्क्यांहून जास्त, किंवा मास्ट पेशी अथवा इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 5 टक्क्यांहून जास्त असाव्यात. तीव्र दम्यात न्यूट्रोफिल साधारण 25 टक्क्यांच्या वर असतात. पण 5 ते 10 टक्क्यांच्या मधले न्यूट्रोफिल घेऊन आलेला घोडा तज्ज्ञांनाही बुचकळ्यात टाकतो. किती सलाइन आत सोडले, यावरही टक्के बदलतात. धुलाईवरच शंका असताना तिच्याशी ताडून रक्ताच्या चाचणीला खरी-खोटी ठरवायचे, म्हणजे आंधळ्याने पांगळ्याचा हात धरण्यासारखे आहे. नळी बरी एवढ्याचसाठी, की ती निदान आजार आहे तिथला नमुना आणते.

माणसांच्या दम्यात उच्छ्वासातला नायट्रिक ऑक्साइड आणि रक्तातले इओसिनोफिल मोजतात, मग घोड्यात का नाही, असे लेखकाने सुचवले आहे. हे दोन्ही मार्कर इओसिनोफिलांच्या दम्यात कामाला येतात. घोड्याच्या तीव्र दम्यात मुख्यतः न्यूट्रोफिल असतात. आजाराचे नाव एक झाले म्हणून चाचण्या उसन्या घेता येत नाहीत.

मला खरे तर बायोमार्कर हवेच आहेत, फक्त वेगळ्या प्रश्नासाठी. स्टिरॉइड दिले की घोड्याची धाप उतरते, मालक खूश होतो. पण धुळीचे तेच गवत समोर राहिले तर धुलाईत न्यूट्रोफिल तसेच भरलेले सापडतात. वरून शांत, आतून पेटलेला असा हा घोडा बाहेरून ओळखता येत नाही, आणि दर पंधरा दिवसांनी नळी घालणे कोणालाच परवडणार नाही, घोड्याला तर नाहीच. एकाच घोड्याचे रक्त महिन्या-महिन्याने तपासून, त्याच्याच आधीच्या आकड्याशी ताडून दाह चढतो आहे की उतरतो आहे हे सांगणारा मार्कर मिळाला, तर मी दुसऱ्या दिवसापासून तो वापरीन. तिथे सर्व घोड्यांसाठी एकच सीमारेषा लागत नाही.

त्या घोडीचे पुढे काय झाले, हेही सांगते. औषध थोडे दिवस दिले. मोतद्दाराला गवत भिजवून जमिनीवर टाकायला सांगितले आणि ती आत असताना तबेला झाडायचा नाही असे ठरवले. कोरड्या गवताच्या जाळीत तोंड खुपसून खाणाऱ्या घोड्याच्या नाकाशी बुरशीच्या बीजाणूंची आणि धुळीची मात्रा कितीतरी वाढते. दीड महिन्याने ती शेवटचे दोनशे मीटर पळत होती.

आपल्या लेखासोबत एक मोठे छायाचित्र होते. त्यात डॉक्टर घोड्याच्या मानेतून रक्त काढत आहेत आणि घोडा निवांतपणे चरतो आहे. पुरवणीचे ते पान हाताशी असेल तर त्याच्या नाकासमोर काय टांगले आहे ते पाहावे. कोरड्या गवताने गच्च भरलेली जाळी आहे. छायाचित्रकाराकडे त्या तबेल्याचा फोन नंबर असेल, तर ती उतरवायला सांगावे ही विनंती.

आपली,
एक पशुवैद्यक