पोकॉक किनाऱ्यावरचा चित्रकार नव्हता

रविवारच्या पुरवणीत ब्रिटिश सागरी जलरंगचित्रांवर आलेल्या लेखातील, हे चित्रकार समुद्र किनाऱ्यावरून पाहत आणि घरी बसून रंगवत, हे सरसकट विधान पटले नाही. निकोलस पोकॉक (१७४०–१८२१) याला ते मुळीच लागू होत नाही. ब्रिस्टॉलचा हा माणूस आधी व्यापारी जहाजाचा कप्तान, चित्रकार नंतर. अमेरिकेतील चार्ल्सटनच्या सफरींत तो जहाजाच्या रोजनाम्यात वारा-दिशेच्या नोंदींसोबत त्या दिवशीचे जहाज, शिडांची स्थिती आणि लाटाही रेखाटत असे. असे काही रोजनामे ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत. वारा वाढला की कोणते शीड उतरवायचे हे ज्याने स्वतः ठरवले, त्याच्या चित्रात दोरखंड भलत्या जागी सापडणे कठीणच! १ जून १७९४ च्या ब्रिटिश-फ्रेंच आरमारी लढाईच्या वेळी तर वयाच्या चोपन्नाव्या वर्षी तो ‘पेगॅसस’ या फ्रिगेटवर, म्हणजे वेगवान युद्धनौकेवर, हजर होता. त्याची तिथली टिपणे व रेखाटने उपलब्ध आहेत. लंडनमध्ये १८०४ साली स्थापन झालेल्या जलरंगचित्रकारांच्या संस्थेच्या संस्थापकांतही तो होता.

लेखात ही चित्रे ‘निरागस’ ठरवली आहेत, तेही घाईचे वाटते. समुद्री व्यापार इतक्या जवळून पाहिलेल्या पोकॉकनेच ब्रिस्टॉलच्या ‘साउथवेल फ्रिगेट’ या गुलामवाहू जहाजाचे चित्र काढले आणि त्याच कागदावर, जहाजाखाली, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा माणसांचा सौदाही दाखवला. या विषयावर पुन्हा लेख आला, तर ते चित्र सोबत छापावे.

– एक वाचक, अलिबाग